जीएनएसएस रिसीव्हरच्या पेटीवरचे पोर्ट : कोणता कशासाठी, आणि केबल कोठून जमवावी?

त्र्यंबकवाट (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी नाशिक परिसरात खासगी मोजणीची कामे करतो. त्यांत मुख्यतः दिंडोरी-निफाडकडील शेतांचे आराखडे आणि इगतपुरी-त्र्यंबककडील डोंगरउतारांची कंटूर मोजणी असते. आजवर भाड्याच्या संचावर काम भागत होते. आता जीएनएसएसचा, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान काढणारा, वापरलेला पण सुस्थितीतील बेस-रोव्हर संच (बेस एका जागी स्थिर ठेवायचा, रोव्हर काठीवर घेऊन फिरायचा) विकत घेण्याचा विचार आहे. विक्रेत्याने दाखवलेल्या बेसमध्ये रिसीव्हरची पेटी वेगळी आणि अँटेना वेगळा आहे. पेटीच्या एका बाजूला आट्यांचे दोन पोर्ट आहेत, त्यांपैकी एकावर 'जीएनएसएस' आणि दुसऱ्यावर 'रेडिओ' असे लिहिले आहे. त्याशिवाय लाल ठिपका असलेले दोन गोल बहुपिनी पोर्ट, नऊ पिनांचा एक सिरियल पोर्ट, रबरी झाकणाखाली मिनी यूएसबी आणि ज्याच्यावरचे नाव पुसले गेले आहे असा एक लहान, फिरवून अडकवायचा पोर्ट आहे. या सगळ्यांसाठी विक्रेत्याजवळ केबल आहेत दोनच : एक चार्जरची आणि एक यूएसबीची.

माहितीपत्रकात चॅनेलची संख्या ठळक अक्षरांत छापतात आणि पोर्टांची माहिती शेवटच्या ओळीत उरकतात. प्रत्यक्ष शेतात मात्र काम अडते ते योग्य केबल न मिळाल्यामुळे, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून तीन प्रश्न विचारतो. यांपैकी कोणते पोर्ट माझ्या कामाला खरोखर लागतील? कोणत्या केबल स्थानिक पातळीवर बनवून घेता येतील आणि कोणत्या विकतच घ्याव्यात? आणि इगतपुरीच्या पावसात या जोडण्या टिकाव्यात यासाठी काय करावे?

मोजणीदार (सोमवार, रात्री १०:२५)

आपण खरेदीच्या आधी विचारले हे बरे केले. पेटी न पाहता बोलत असल्यामुळे काही गोष्टी अंदाजाने सांगतो, पण आपल्या वर्णनावरून बहुतेक चित्र स्पष्ट होते.

'जीएनएसएस' लिहिलेला आट्यांचा पोर्ट बहुधा टीएनसी प्रकारचा असावा. मोजणीच्या उपकरणांत हाच प्रकार रूढ आहे, कारण तो आट्यांनी घट्ट बसतो आणि ट्रायपॉडला धक्का लागला तरी सैल होत नाही. त्याचा रोध (इम्पीडन्स) ५० ओहम असतो. लक्षात ठेवण्याची मुख्य गोष्ट अशी की या पोर्टातून संदेश आत येतो आणि त्याच तारेतून वीज बाहेर जाते. अँटेनाच्या तबकडीत लहानसा प्रवर्धक असतो. त्याला लागणारा दिष्ट प्रवाह (डीसी), बहुतेक वेळा ३.३ ते ५ व्होल्टचा, रिसीव्हर याच केबलच्या मधल्या तारेवरून पुरवतो. उपग्रहांचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत उणे १३० डीबीएमच्या आसपास, म्हणजे अत्यंत क्षीण झालेला असतो, आणि प्रवर्धकाला वीज मिळाली नाही तर तो केबलमध्येच विरून जातो.

म्हणून खरेदीपूर्वीची पहिली परीक्षा सोपी आहे. रिसीव्हर चालू करून, केबल न लावता, अँटेना पोर्टच्या मधल्या पिनेवर आणि बाहेरच्या कड्यावर मल्टिमीटर धरावा. माहितीपुस्तिकेत दिलेला व्होल्ट दिसला तर पुरवठा ठीक आहे. मल्टिमीटरची टोके एकमेकांना चिकटू देऊ नयेत. बहुतेक रिसीव्हरमध्ये प्रवाह मर्यादित करण्याची सोय असते, पण दुसऱ्याच्या उपकरणावर तिची परीक्षा का घ्यावी?

'रेडिओ' लिहिलेल्या पोर्टविषयी एक सक्त सूचना. दोन्ही पोर्ट टीएनसी असतील तर केबलची अदलाबदल सहज होते. प्रक्षेपण करणाऱ्या रेडिओ पोर्टला उपग्रह अँटेना जोडला गेला, तर रेडिओची शक्ती थेट त्या नाजूक प्रवर्धकात शिरते आणि तो जळतो. रेडिओ पोर्टला काहीच न जोडता प्रक्षेपण सुरू केले तर रेडिओच्या अंतिम टप्प्याला धोका असतो. दोन्ही केबलच्या टोकांना दोन रंगांच्या पट्ट्या गुंडाळाव्यात, हा उपाय जवळजवळ फुकट आहे.

आडगावचा_पांथस्थ (सोमवार, रात्री ११:०५)

माझ्या रोव्हरला चार्जिंगव्यतिरिक्त एकही पोर्ट वापरावा लागत नाही. कंट्रोलरशी ब्लूटूथ, दुरुस्ती-संदेश (स्थानातली चूक काढून टाकणारे) सिमकार्डावरून, आणि फाइली वायफायने. आज जुन्या पद्धतीची इतके पोर्ट असलेली पेटी घेण्यात पैसे घालवावेत असे मला वाटत नाही.

शंकूसाखळी (मंगळवार, सकाळी ७:५०)

आडगावचे पांथस्थ, आपला अनुभव आडगाव-ओझरच्या सपाटीवर खरा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स, म्हणजे कायमस्वरूपी संदर्भ-केंद्रांच्या, जाळ्यावरून मोबाइल इंटरनेटने दुरुस्ती-संदेश मिळतात, भूमी अभिलेख विभागही आता रोव्हरने मोजणी करतो, आणि जेथे मोबाइलची रेंज आहे तेथे बेसची गरज उरत नाही. पण धागाकर्त्यांनी इगतपुरी-त्र्यंबकचे नाव घेतले आहे. त्या दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज वळणावळणाला बदलते, आणि रेंज गेली की सिमकार्डाचा रोव्हर केवळ एक महागडी काठी उरतो. तेथे स्वतःचा बेस आणि स्वतःचा रेडिओ हवा. बेस दिवसभर चालवायचा तर बाहेरची १२ व्होल्टची बॅटरी हवी, आणि तिच्यासाठी पोर्ट हवाच.

शिवाय रिसीव्हरचे अंतर्गत सॉफ्टवेअर अडकले की ब्लूटूथ सर्वांत आधी गप्प होते. अशा वेळी सिरियल किंवा यूएसबी हाच आत जाण्याचा मार्ग उरतो. पोर्ट नको म्हणणाऱ्यांच्या रोव्हरलाही एखादा पोर्ट असतो तो याचसाठी.

अवांतर : ज्या काळी शंकू आणि साखळी घेऊन गट पिंजून काढत असत, त्या काळीही साखळीची कडी वाकली की दिवस वाया जाई. जोडाची जागा हीच दुबळी जागा, हे तेव्हाही ठाऊक होते.

आडगावचा_पांथस्थ (मंगळवार, सकाळी ८:१५)

'महागडी काठी' मान्य. इगतपुरीपुरते माझे म्हणणे मागे घेतो, पण निफाडपुरते ठेवतो.

सातपूर_वर्कशॉप (मंगळवार, दुपारी १:३०)

माझे काम औद्योगिक इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचे आहे आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांबरोबरच मोजणीवाल्यांची उपकरणेही माझ्याकडे येत असतात. लाल ठिपक्याच्या गोल पोर्टांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुरुस्तीला आलेल्या संचांत सर्वाधिक हाल त्यांचेच झालेले दिसतात.

हे ढकल-ओढ पद्धतीचे कनेक्टर आहेत. लेमो ही स्वित्झर्लंडमधील कंपनी त्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्लगवरचा लाल ठिपका आणि पोर्टवरचा लाल ठिपका समोरासमोर आणून सरळ आत ढकलायचा, टक असा आवाज आला की तो अडकला. काढताना बाहेरचे खरखरीत कडे धरून सरळ मागे ओढायचे. याला आटे नाहीत, त्यामुळे फिरवण्याचा प्रश्नच येत नाही. पण सवयीने लोक फिरवतात आणि आतल्या बारीक पिना वाकतात. केबलला धरून ओढणाऱ्यांच्या बाबतीत पिना शाबूत राहतात, मात्र मागच्या बाजूचे सोल्डरचे डाग सुटतात.

दुसरी आणि अधिक गंभीर बाब अशी की कनेक्टरचा आकार सारखा असला म्हणून पिनांचे काम सारखे असत नाही. पाच पिनांचा किंवा सात पिनांचा तोच कनेक्टर एका उत्पादकाने वीजपुरवठ्यासाठी वापरलेला असतो, तर दुसऱ्याने सिरियल संदेश आणि वीज दोन्हींसाठी. मित्राच्या संचाची केबल बसली म्हणून लावली, आणि संदेशाच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले, असे संच मी उघडून पाहिले आहेत. त्या विशिष्ट मॉडेलची पुस्तिका समोर ठेवून प्रत्येक पिन तपासल्याशिवाय उसनी केबल लावू नये.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत असे. नऊ पिनांची सिरियल केबल कोणताही चांगला तंत्रज्ञ बनवून देईल. बॅटरीची केबल बनवता येईल, पण गोल प्लग मात्र विकत आणावा लागेल, आणि त्या बारीक पिनांवर डाग देण्यासाठी भिंग, बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री आणि स्थिर हात हवा. केबलमध्ये बॅटरीच्या बाजूला फ्यूज अवश्य घालावा. चिमटे उलटे लागण्याची घटना नेहमी संध्याकाळी, घाईत घडते. अँटेनाची केबल मात्र तयार, दोन्ही टोके कारखान्यात क्रिंप केलेली (दाबून पक्की बसवलेली) अशीच घ्यावी.

मखमलाबाद_मळा (मंगळवार, दुपारी २:०५)

त्या गोल प्लगची किंमत ऐकल्यावर मी दुकानदाराला विचारले होते की, याच्यासोबत रिसीव्हर फुकट मिळतो का.

सातपूर_वर्कशॉप (मंगळवार, दुपारी २:२०)

दुकानदाराने काय उत्तर दिले, हे जाणून घेण्याची उत्सुकता आहे.

मखमलाबाद_मळा (मंगळवार, दुपारी २:३२)

त्याने लाल ठिपका तेवढा फुकट असल्याचे सांगितले.

द्रोणाचार्य (मंगळवार, सायंकाळी ६:४५)

मी द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन चालवणाऱ्या मित्रांसाठी उपकरणे जुळवून देतो. पेटीवरचे पोर्ट मोठे तरी आहेत; ड्रोनवरच्या जोडण्या पाहिल्या तर धागाकर्ते स्वतःला भाग्यवान समजतील. तेथे जीपीएस मॉड्यूल आणि उड्डाण-नियंत्रक यांच्यात सव्वा मिलिमीटर अंतरावर पिना असलेले जेएसटी-जीएच कनेक्टर असतात, आणि अँटेनाची बारीक तार यू.एफएल नावाच्या, तांदळाच्या कण्याएवढ्या बटणावर दाबून बसवलेली असते. हे बटण साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरतेच बनवलेले असते. चाचणीसाठी रोज काढून लावणारे लोक महिन्याभरात 'उपग्रह दिसत नाहीत' अशी तक्रार घेऊन येतात.

याच संदर्भात एसएमए या आट्यांच्या लहान अँटेना पोर्टविषयी सावध करतो, कारण धागाकर्ते उद्या लहान रोव्हर घेतील तेव्हा त्यावर हाच पोर्ट असण्याची शक्यता आहे. वायफायच्या उपकरणांवर याचाच उलट्या पिनेचा भाऊ, आरपी-एसएमए, वापरतात. आटे तेच आहेत, त्यामुळे दोन्ही एकमेकांवर बिनतक्रार बसतात. मात्र एका जोडीत दोन्हीकडे छिद्र येते आणि मधली तार कोठेच पोहोचत नाही. दुसऱ्या जोडीत दोन्हीकडे पिन येते आणि ती एकमेकींवर दाबून वाकते. बाजारातून तयार केबल आणताना आटे पाहून भागत नाही, मधोमध पिन आहे की छिद्र, हे टॉर्च लावून पाहावे.

गंगापूररोडकर (मंगळवार, रात्री ८:१०)

अँटेना घराच्या गच्चीवर आणि रिसीव्हर तळमजल्यावर ठेवून कायमचा बेस करण्याचा माझाही विचार आहे. परंतु लांब केबलमुळे स्थान चुकते असे ऐकले आहे. ३० मीटर केबल घातली तर अक्षांश-रेखांशात ३० मीटरची चूक येईल का? आणि टीव्हीच्या डिशसाठी वापरतात ती केबल स्वस्त पडते, ती चालेल का?

वीज_उपकेंद्र (मंगळवार, रात्री ९:३०)

गंगापूररोडकर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे 'नाही' असे आहे. केबलमधून जाताना संदेशाला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद उशीर होतो हे खरे. ३० मीटरला तो जवळजवळ १५० नॅनोसेकंद भरतो. पण हा उशीर सर्व उपग्रहांच्या संदेशांना अगदी सारखाच होतो, कारण ते सर्व त्याच एका केबलमधून येतात. रिसीव्हर आपले स्थान काढताना स्वतःच्या घड्याळाची चूक हीदेखील एक अज्ञात राशी म्हणून सोडवतो. म्हणूनच त्याला किमान चार उपग्रह लागतात. सर्वांना समान असलेला उशीर त्या घड्याळाच्या चुकीत मिसळून जातो आणि स्थानाला धक्का लागत नाही. मिळणारे स्थान अँटेनाचे असते, पेटीचे नव्हे.

वेळेच्या कामात मात्र हाच उशीर मोजावा लागतो. विद्युत उपकेंद्रांतील नोंदयंत्रे आणि संरक्षक रिले एकाच वेळेवर चालावेत यासाठी उपग्रह-घड्याळ बसवलेले असते. तेथे केबलची लांबी मोजून तेवढे नॅनोसेकंद घड्याळात भरून द्यावे लागतात. आपल्या मोजणीत हा त्रास नाही.

मोजणीदार (मंगळवार, रात्री १०:००)

वीज उपकेंद्र यांनी उत्तम खुलासा केला. त्यात एकच भर घालतो : लांब केबलचा खरा शत्रू क्षय, म्हणजे वाटेत संदेश क्षीण होत जाणे, हा आहे. आरजी-५८ ही नेहमीची काळी केबल उपग्रहांच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरीवर मीटरमागे ढोबळमानाने पाऊण डेसिबल गिळते. ३० मीटरला वीस डेसिबलच्या वर गेले, म्हणजे अँटेनातील प्रवर्धकाने मिळवलेले बहुतेक सर्व संपले. एलएमआर-४०० सारख्या जाड केबलमध्ये तेवढ्याच लांबीला पाच डेसिबलच्या आसपास घट होते. दोन मीटरच्या ट्रायपॉडसाठी आरजी-५८ पुरेशी आहे, गच्चीसाठी जाड केबल घ्यावी.

टीव्हीच्या केबलविषयी माझे मत प्रतिकूल आहे. तिचा रोध ७५ ओहम असतो आणि रिसीव्हरचा ५० ओहम.

सातपूर_वर्कशॉप (मंगळवार, रात्री १०:४०)

येथे मी मोजणीदारांशी असहमत आहे. ७५ आणि ५० ओहमच्या विसंगतीमुळे प्रत्येक जोडावर होणारे परावर्तन-नुकसान डेसिबलच्या पाचव्या भागाहूनही कमी भरते. उलट डिश टीव्हीची आरजी-६ केबल आरजी-५८ पेक्षा बरीच कमी क्षयाची आहे, कारण ती मुळात याच पट्ट्याच्या आसपासच्या लहरींसाठी बनवलेली असते. वेळ पुरवणारी अनेक उपग्रह-घड्याळे ७५ ओहमच्या केबलवर बिनतक्रार चालतात.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. एफ प्रकारचा टीव्ही कनेक्टर टीएनसी पोर्टवर बसवण्यासाठी मध्ये अॅडॉप्टर लावावा लागतो, कधी दोन. प्रत्येक अॅडॉप्टर म्हणजे सैल होण्याची आणि पाणी शिरण्याची एक नवी जागा. गच्चीवर एकदा बसवून सोडून द्यायचे असेल तर आरजी-६ चालेल. रोज गुंडाळायच्या ट्रायपॉडच्या संचाला ती लावू नये, कारण तिची मधली तार एकसंध जाड असते आणि वारंवार वाकवल्यास तुटते.

मोजणीदार (मंगळवार, रात्री ११:०५)

गच्चीपुरते मान्य करतो. सेंटिमीटरच्या कामासाठी केबलमधील परावर्तनांचा त्रास नको, म्हणून मी तरी ५० ओहमच वापरीन.

कसारा_घाट (बुधवार, सकाळी ६:३०)

पावसाचा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. इगतपुरीचा पाऊस वरून पडतो तसा आडवाही येतो आणि धुक्याच्या रूपाने खालूनही. 'आयपी ६७' (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे प्रमाण) असे पेटीवर छापलेले असले तरी ते प्रमाण सर्व पोर्टांवर झाकणे किंवा पूर्ण बसलेले प्लग असतील तेव्हाच लागू पडते. रबरी झाकण हरवलेला यूएसबी पोर्ट असेल तर त्या अंकांना काही अर्थ राहत नाही. वापरलेला संच घेताना झाकणे मोजून घ्यावीत, कारण ती वेगळी विकत मिळणे अवघड जाते.

बाहेर कायम राहणाऱ्या जोडाला स्वतःत मिसळणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी, सुरुवात खालून करावी, म्हणजे पट्टीचे थर कौलांसारखे एकमेकांवर येतात आणि पाणी ओघळून जाते. त्यावर साध्या इन्सुलेशन पट्टीचा एक थर उन्हापासून रक्षण करतो. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून वाहणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते आणि पोर्टापर्यंत जात नाही.

एक चूक सर्रास होते, ती सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन कनेक्टरवर थापू नये. ते सुकताना अॅसिटिक आम्ल सोडते आणि तांब्या-पितळेला हिरवा गंज चढवते. बाहेरून जोड सुरेख बंद दिसतो आणि आत वर्षभरात सगळे खाल्ले गेलेले असते.

गंगापूररोडकर (बुधवार, सकाळी ८:२०)

गच्चीवरच्या अँटेनाला आकाशातील विजेपासून वाचवणारा वीजनिरोधक लावणे आवश्यक आहे का?

वीज_उपकेंद्र (बुधवार, सकाळी ९:००)

होय, आणि तो घराच्या आत केबल शिरते त्या जागी, लहानात लहान जाड तारेने अर्थिंगला जोडलेला असावा. खरेदी करताना तो दिष्ट प्रवाह जाऊ देणारा आहे याची खात्री करावी. काही प्रकार दिष्ट प्रवाह अडवतात, आणि मग मोजणीदारांनी वर सांगितल्याप्रमाणे अँटेनाचा प्रवर्धक उपाशी राहतो. एकाच अँटेनावर दोन रिसीव्हर चालवायचे असल्यास विभाजकाच्या बाबतीत याच्या उलट काळजी घ्यावी लागते : वीज एकाच रिसीव्हरने पुरवावी आणि दुसऱ्याच्या बाजूचा दिष्ट प्रवाह विभाजकाने अडवावा.

ओझर_मिग (बुधवार, दुपारी १२:४५)

नऊ पिनांच्या पोर्टविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून थोडी भर. तो आरएस-२३२ आहे, असे धरून चालू. त्यावरचा संदेश शून्याच्या दोन्ही बाजूंना जातो; प्रत्यक्षात उणे-अधिक ५ ते १२ व्होल्ट दिसतात. लहान मॉड्यूलच्या सिरियल पिना मात्र ३.३ व्होल्टच्या असतात. दोन्हींना 'सिरियल' म्हणतात म्हणून थेट जोडले तर लहान मॉड्यूलचे आयुष्य तेथेच संपते. मध्ये पातळी बदलणारी चिप हवी.

जुन्या लॅपटॉपवर सिरियल पोर्ट असे, आता नसतो, त्यामुळे यूएसबी-सिरियल रूपांतरक लागेल. केबल सरळ आहे की उलटसुलट पिनांची, हेही पाहावे. दोन्ही उपकरणे एकाच पिनेवर बोलत असतील आणि दुसऱ्या एकाच पिनेवर ऐकत असतील, तर सरळ केबलने पडद्यावर काहीच येत नाही. अशा वेळी दोन क्रमांकाची आणि तीन क्रमांकाची तार अदलून जोडलेली केबल लागते. पाच क्रमांकाची जमिनीची तार जागच्या जागी राहते. वेगही जुळवावा लागतो. एनएमईए ०१८३ या संदेशप्रकाराचा मूळ वेग ४८०० बॉड आहे, पण आजचे रिसीव्हर बहुधा ९६००, ३८४०० किंवा त्याहून अधिक वेगावर ठेवलेले असतात. पडद्यावर अगम्य चिन्हे आली तर वेग चुकला आहे, आणि काहीच आले नाही तर तार चुकली आहे, असा ढोबळ आडाखा बांधता येतो.

यूएसबी केबलबाबतही एक शंका घ्यावी. विक्रेत्याने दिलेली केबल केवळ चार्जिंगची असू शकते; तिच्यात संदेशाच्या दोन तारा नसतातच.

देवळाली_गाव (बुधवार, सायंकाळी ५:१०)

एक मुद्दा सुटला आहे. पोर्ट जुळला म्हणजे अँटेना जुळला असे होत नाही. जुन्या संचांचे अँटेना बऱ्याचदा जीपीएसच्या एल-१ आणि एल-२, म्हणजे १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ, यांच्यासाठीच बनवलेले असतात. नाविक या आपल्या भारतीय उपग्रह-प्रणालीची मूळ सेवा एल-५ वर, ११७६.४५ मेगाहर्ट्झवर, आणि एस पट्ट्यात आहे. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-१ चीही भर पडली. जुना अँटेना नव्या रिसीव्हरला टीएनसीने घट्ट बसेल, पण त्याची गाळणी एल-५ ला आत येऊच देणार नाही. नाविकसाठी संच घेत असाल तर अँटेनाच्या तळाशी चिकटवलेली माहिती वाचावी.

त्र्यंबकवाट (गुरुवार, रात्री ९:१५)

सर्वांचे मनापासून आभार. आज विक्रेत्याकडे मल्टिमीटर, टॉर्च आणि उसना यूएसबी-सिरियल रूपांतरक घेऊन गेलो होतो.

अँटेना पोर्टवर ५ व्होल्टच्या जवळपास मिळाले. सिरियल पोर्ट सुरुवातीला गप्प होता; ओझर मिग यांनी सांगितलेली दोन-तीनची अदलाबदल केल्यावर ३८४०० वर एनएमईएच्या ओळी वाहू लागल्या. दोन गोल पोर्टांपैकी एकाच्या आतली एक पिन स्पष्टपणे वाकलेली आहे. विक्रेत्याची यूएसबी केबल खरोखरच केवळ चार्जिंगची निघाली. अँटेना एल-१/एल-२ चाच आहे, जो माझ्या सध्याच्या कामाला पुरेसा आहे. झाकणे मोजली, त्यांत एक कमी आहे.

आता उरलेल्या शंका दोन. वाकलेल्या पिनेचा पोर्ट दुरुस्त होईल का? आणि नाव पुसले गेलेला तो लहान, फिरवून अडकणारा पोर्ट कशाचा असावा?

सातपूर_वर्कशॉप (गुरुवार, रात्री १०:००)

पिन सरळ करण्याचा प्रयत्न स्वतः करू नये. एकदा वाकलेली पिन सरळ करताना मुळाशी तुटण्याची शक्यता मोठी असते. पुस्तिकेवरून पाहावे की वीजपुरवठा दोन्ही गोल पोर्टांतून घेता येतो की एकाच. दोन्हींतून घेता येत असेल आणि सुस्थितीतला पोर्ट शिल्लक असेल तर पोर्ट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून संच घेण्यास हरकत नाही. वीज फक्त वाकलेल्या पोर्टातूनच जात असेल, तर दिवसभराच्या बेससाठी हा संच आज निरुपयोगी आहे, आणि दुरुस्ती विक्रेत्याने करून दिल्यावरच व्यवहार करावा.

वीज_उपकेंद्र (गुरुवार, रात्री १०:२०)

फिरवून अडकणारा लहान पोर्ट म्हणजे बीएनसी. मोजणीच्या रिसीव्हरवर तो बहुधा दोहोंपैकी एका कामासाठी असतो. एक तर पीपीएस, म्हणजे दर सेकंदाच्या प्रारंभी बाहेर पडणारा अचूक विद्युत ठोका, ज्यावर इतर यंत्रांची घड्याळे लावतात. किंवा इव्हेंट, म्हणजे बाहेरून आलेल्या ठोक्याचा क्षण नोंदवणारा आत येणारा पोर्ट. हवाई छायाचित्रणात कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा ठोका याच मार्गाने रिसीव्हरला देतात आणि प्रत्येक छायाचित्राचा नेमका क्षण मिळवतात. ओळखायचे असल्यास ऑसिलोस्कोप लावून पाहावे. सेकंदाला एक ठोका बाहेर येत असेल तर पीपीएस. अर्थात ही सेवा सेटिंगमध्ये बंद केलेली असू शकते, त्यामुळे ठोका न दिसणे हा इव्हेंटचा पुरावा धरू नये.

शंकूसाखळी (शुक्रवार, सकाळी ७:४०)

शेतांच्या आराखड्यांना या पोर्टची गरज नाही, त्यावर झाकण घालून ठेवावे. रेडिओबद्दल मात्र व्यवहारापूर्वी विचारून घ्यावे. मोजणीच्या रेडिओंची नेहमीची ४१० ते ४७० मेगाहर्ट्झची लहर आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येत नाही. परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून घ्यावा लागतो. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त आहे. विक्रेत्याजवळ परवान्याची कागदपत्रे असली तरी ती आपोआप आपल्या नावावर येत नाहीत.

त्र्यंबकवाट (शनिवार, दुपारी ४:५०)

पुस्तिका मिळाली. वीज दोन्ही गोल पोर्टांतून घेता येते, आणि वाकलेला पोर्ट हा दुसरा, प्रामुख्याने बाहेरच्या रेडिओला संदेश देण्याचा आहे. विक्रेत्याने पोर्ट बदलण्याइतकी रक्कम कमी केली. रेडिओचा परवाना त्याच्याकडे नव्हताच, त्यामुळे परवाना मिळेपर्यंत अंतर्गत रेडिओ बंद ठेवून बेसवर केवळ उपग्रह-संदेशांची नोंद करून ठेवीन आणि घरी येऊन संगणकावर बेस आणि रोव्हरच्या फाइली जुळवीन. बॅटरीची केबल फ्यूजसह बनवण्यासाठी सातपूर वर्कशॉप यांना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. दोन मीटरची आरजी-५८, दोन्ही टोकांना टीएनसी, तयार मागवली आहे. हरवलेले झाकण कोणाकडे जादा असल्यास कळवावे. तेरा मिलिमीटर आतील व्यास आहे.

मखमलाबाद_मळा (शनिवार, सायंकाळी ५:३०)

माझ्याकडे त्याच मापाचे एक जादा झाकण आहे. सोमवारी रविवार कारंजाकडे येणार आहे, तेव्हा घेऊन येतो. त्याचे पैसे नकोत, लाल ठिपका मात्र त्यावर नाही.